व्हिसा नाकारला, पैसे चार ठिकाणी अडकले: कॅनडाच्या एका स्टुडंट फाइलचा परतावा

प्रकरण २०२४ सालचं आहे. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावचं कुटुंब, वडील कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक, मुलगी बी.कॉम. झालेली. ओळख पटू नये म्हणून नावं, कॉलेज, बँका आणि कन्सल्टंट यांचा उल्लेख गाळला आहे. रकमा आणि तारखा मात्र दिल्या आहेत, कारण अशा प्रकरणात सगळा फरक त्यांनीच पडतो.

पार्श्वभूमी

मुलगी २०२१ मध्ये पदवीधर झाली. त्यानंतर तीन वर्षं एका पतसंस्थेत लेखा विभागात नोकरी. ऑन्टारिओमधल्या एका सरकारी कॉलेजात ‘ग्लोबल बिझनेस मॅनेजमेंट’च्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, सप्टेंबर २०२४ च्या सत्रासाठी. फाइल पुण्यातल्या एका कन्सल्टंटने केली आणि स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम म्हणजे एसडीएसमधून टाकली.

एसडीएसमध्ये निकाल लवकर लागायचा, पण त्यासाठी दोन मोठ्या रकमा अर्जाआधीच भराव्या लागायच्या. एक म्हणजे पहिल्या वर्षाची पूर्ण फी. दुसरी जीआयसी, म्हणजे राहण्याखाण्याच्या खर्चासाठी कॅनडातल्या बँकेत ठेवायची ठेव. विद्यार्थी तिथे पोचल्यावर बँक तिचा काही भाग लगेच देते, उरलेला दरमहा थोडाथोडा. ही ठेव आधी १०,००० डॉलर होती, १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ झाली. म्हणजे व्हिसाचा निकाल लागायच्या आधीच घरातले वीस-पंचवीस लाख देशाबाहेर गेलेले असायचे.

या फाइलमध्ये पैसे असे गेले (डॉलर म्हणजे सगळीकडे कॅनडाचे):

- कॉलेजचं अर्ज शुल्क १०० डॉलर.
- जागा राखण्यासाठी १,५०० डॉलर. हे ब्रॅम्प्टनच्या मामेभावाने भेट म्हणून स्वतःच्या क्रेडिट कार्डाने भरले.
- उरलेली फी १५,३०० डॉलर, १४ मे रोजी शैक्षणिक कर्जातून. दर ६२.०० रुपये, म्हणजे ९,४८,६०० रुपये. कर्ज मुलीच्या नावावर, वडील सहकर्जदार, व्याज साडेदहा टक्के.
- जीआयसी २०,६३५ आणि त्या बँकेचं शुल्क २०० डॉलर. वडिलांच्या खात्यातून, त्याच दराने, १२,९१,७७० रुपये.
- व्हिसा अर्जाचे १५० आणि बायोमेट्रिकचे ८५ डॉलर, कार्डाच्या मार्कअपसह सुमारे १५,००० रुपये. वैद्यकीय तपासणी ७,२०० रुपये.
- कन्सल्टंटचं ‘पॅकेज’ ६०,००० अधिक जीएसटी, एकूण ७०,८०० रुपये.

शिवाय टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून सरकारकडे भरते तो कर. जीआयसीचे पैसे पाठवताना शाखेने आधी ‘परदेशी ठेव’ म्हणून वीस टक्क्यांनी टीसीएस धरला होता. सात लाखांवरच्या ५,९१,७७० रुपयांवर तो १,१८,३५४ झाला असता. जीआयसी ही स्टुडंट व्हिसाचीच अट आहे, हे वडिलांनी कॉलेजचं प्रवेशपत्र आणि जीआयसीचे कागद पुढे ठेवून दाखवलं. तेव्हा शाखेने ती शिक्षणासाठीची रक्कम धरली आणि पाच टक्क्यांनी २९,५८९ रुपये कापले. फी कर्जातून गेली होती, म्हणून तिच्यावर सात लाखांपुढे अर्धा टक्का, म्हणजे १,२४३ रुपये. हा दुसरा टीसीएस मुलीच्या पॅनवर पडला. या १,२४३ रुपयांकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

अडचण

अर्ज २७ मे रोजी गेला, बायोमेट्रिक ३ जूनला पुण्यात झालं. नकार ९ जुलैला आला. पत्रात नेहमीची दोन कारणं होती: शिक्षण संपल्यावर अर्जदार कॅनडा सोडून जाईल याची अधिकाऱ्याला खात्री वाटत नाही (तिथल्या नियमावलीतला नियम २१६(१)(ब)), आणि भेटीचा उद्देश दिलेल्या माहितीशी जुळत नाही.

ते पत्र घरच्यांना मिळालं १९ जुलैला. इमिग्रेशनच्या पोर्टलवरचं खातं कन्सल्टंटने स्वतःच्या ऑफिसच्या ईमेलवरून उघडलं होतं, कॉलेजच्या पोर्टलचा पासवर्डही त्याच्याचकडे. मधले दहा दिवस “फाइल प्रोसेसमध्ये आहे” एवढंच उत्तर मिळत होतं. १९ तारखेला पत्र पाठवलं ते एका सल्ल्यासकट: “सर, रिफंड टाकू नका, रिफंड टाकला की कॉलेजकडची फाइल कायमची बंद होते. आपण जानेवारीला डिफर करू.”

या सल्ल्यामागचं गणित समजून घ्यायला हवं. विद्यार्थी प्रत्यक्ष वर्गात बसला की कॉलेज कन्सल्टंटला कमिशन देतं. व्हिसा नाकारला आणि फी परत गेली तर कमिशन बुडतं, प्रवेश पुढे ढकलला तर ते जिवंत राहतं. डिफर करणं नेहमीच चुकीचं असतं असं नाही. पण हा सल्ला देणाऱ्याचा त्यात स्वार्थ असतो, आणि घरच्यांना हे कुणी सांगत नाही.

कॉलेजचं परताव्याचं धोरण प्रवेशपत्रासोबतच्या कागदात चौथ्या पानावर होतं. व्हिसा नाकारला असेल तर नकारपत्रासह अर्ज केल्यावर ३०० डॉलर कापून बाकी फी परत. अट एकच: अर्ज सत्राच्या दहाव्या दिवसापर्यंत पोचला पाहिजे. त्यानंतर आला तर पहिल्या सेमिस्टरची फी बुडाली. वर्ग ३ सप्टेंबरला सुरू होणार होते, दहावा दिवस येत होता १६ सप्टेंबरला. पत्र हातात आलं तेव्हा आठ आठवडे शिल्लक होते. वेळ पुरेसा होता, पण कन्सल्टंटच्या ‘बघू’मध्ये घालवण्याइतका नव्हता.

कोणते पर्याय होते

*लगेच पुन्हा अर्ज.* खर्च १५० डॉलर. बायोमेट्रिक दहा वर्षं चालतं, त्यामुळे ८५ पुन्हा लागत नाहीत. पण नकाराचं खरं कारण माहीत नसताना तोच अर्ज थोडा बदलून टाकला तर उत्तरही तेच येतं. नकारपत्रात तेव्हा छापील वाक्यंच असायची. अधिकाऱ्याने नेमकं काय टिपलं ते जीसीएमएस नोंदींत, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन विभागाच्या अंतर्गत नोंदींत असायचं, आणि त्या मागवल्या की महिना जायचा.

*फेरविचाराची विनंती किंवा कोर्ट.* अशा नकारावर अपील नाही. फेडरल कोर्टात न्यायिक पुनरावलोकनासाठी जाता येतं. निर्णय कॅनडाबाहेर झालेला असेल तर कळल्यापासून ६० दिवसांत, कोर्ट फी ५० डॉलर. पण वकिलाची फी या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. शिवाय जिंकलं तरी मिळतो तो फक्त दुसऱ्या अधिकाऱ्याकडून फेरनिर्णय. तोवर सप्टेंबरचं सत्र निघून गेलं असतं. हा पर्याय अर्ध्या तासात बाजूला पडला.

*जानेवारीला डिफर.* फी कॉलेजकडेच राहणार, जीआयसी तशीच, कर्जाचं व्याज चालू. जानेवारीसाठी प्रांताचं अटेस्टेशन लेटर (विद्यार्थी प्रांताच्या कोट्यात बसतो असं पत्र) नव्याने लागलं असतं. ते लेटर २२ जानेवारी २०२४ पासून सक्तीचं झालं होतं आणि त्यांची संख्या ठरलेली होती.

*सगळे पैसे परत घेणं,* आणि पुढचं नंतर ठरवणं.

वडिलांनी वहीच्या पानावर एक हिशेब मांडला आणि निर्णय त्यावरच झाला. ९,४८,६०० रुपयांवर साडेदहा टक्के म्हणजे वर्षाला ९९,६०३, दिवसाला २७३ रुपये. जानेवारीपर्यंत थांबायचं तर आणखी साडेपाच महिने, साधारण ४५,००० रुपये व्याज, आणि तेही पुन्हा नकार येऊ शकतो हे गृहीत धरून. कन्सल्टंट म्हणत होता, “थांबायला काय पैसे पडतात?” त्याचं उत्तर त्या पानावर होतं.

आणखी एक मुद्दा बँकेच्या अधिकाऱ्याने सांगितला. एलआरएसमधून, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून, बाहेर गेलेले पैसे न वापरता पडून राहिले तर १८० दिवसांत परत आणावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. जीआयसी ‘पुढच्या वेळी उपयोगी पडेल’ म्हणून तिथेच ठेवायचा विचार असेल, तर तो या मुदतीशी ताडून बघावा लागतो.

ठरलं ते असं: जीआयसी ताबडतोब काढायची, कारण ती कधीही नव्याने उघडता येते आणि तिच्या परताव्याने प्रवेशावर काही परिणाम होत नाही. फीचा परतावाही मागायचा. जीसीएमएस नोंदी मागवायच्या, पण त्यांच्यासाठी परतावा थांबवायचा नाही. आमच्या मते यातला शेवटचा निर्णय सगळ्यात शहाणपणाचा होता. नोंदी हातात आल्यावर ठरवू, असं म्हणणारी कुटुंबं दहाव्या दिवसाची मुदत चुकवतात.

काय केलं, आणि कुठे अडलं

*खात्यांचा ताबा.* पहिलं काम पासवर्ड बदलायचं. कन्सल्टंट ‘सिस्टीम डाउन आहे’ म्हणत राहिला. मुलीने कॉलेजच्या प्रवेश विभागाला स्वतःच्या ईमेलवरून थेट लिहिलं, सोबत पासपोर्टचं पहिलं पान आणि विद्यार्थी क्रमांक. दोन दिवसांत कॉलेजने नोंदीतला ईमेल बदलून पासवर्ड नव्याने दिला. नकारपत्राची पीडीएफ आधीच मिळाली होती, म्हणून इमिग्रेशनच्या खात्याशी झगडावं लागलं नाही. हे पत्र सर्व पानांसह, मूळ पीडीएफमध्येच जपायचं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो कॉलेजही घेत नाही आणि जीआयसीची बँकही.

*जीआयसी.* २२ जुलैला बँकेच्या पोर्टलवर विनंती टाकली: नकारपत्र, पासपोर्ट, आणि पैसे जिथून आले त्या खात्याचा तपशील. चार दिवसांनी विनंती परत आली, कारण नावं जुळत नव्हती. पासपोर्टवर मुलीचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं तिहेरी. जीआयसी मुलीच्या नावे. पैसे आले वडिलांच्या खात्यातून, आणि त्या खात्यावर वडिलांच्या मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर. मराठी नावांच्या बाबतीत ही अडचण हमखास येते. इथल्या शाखेकडून दोन पत्रं घेतली. एकात खातेदार आणि पासपोर्टवरचे वडील एकच असल्याचं, दुसऱ्यात ही रक्कम १४ मे रोजी याच खात्यातून गेल्याचं, स्विफ्टच्या (परदेशी व्यवहारासाठी बँका एकमेकींना पाठवतात त्या संदेशाच्या) प्रतीसह. ती जोडल्यावर विनंती मान्य झाली. २८ ऑगस्टला २०,६१५ डॉलर जमा झाले. मधल्या बँकेने वीस कापले होते. दर ६१.४०, म्हणजे १२,६५,७६१ रुपये.

*फी.* परताव्याचा फॉर्म २३ जुलैला भरला. २ ऑगस्टला तो अपूर्ण म्हणून परत आला, कारण नकारपत्राचं दुसरं पान जोडलं नव्हतं आणि ‘अभ्यासक्रमातून माघार’ हा वेगळा फॉर्म भरलाच नव्हता. हे दोन्ही फॉर्म वेगळे असतात. परतावा मागितला म्हणजे माघार आपोआप होत नाही, आणि माघारीची नोंद नसेल तर लेखा विभाग पुढे सरकत नाही. ६ ऑगस्टला सगळं पूर्ण झालं, पोच घेतली आणि पोचेचा ईमेल पीडीएफ करून ठेवला. पुढे मुदतीवरून वाद झाला असता तर हाच कागद कामाचा होता.

इथे कन्सल्टंटने आणखी एक वाट सुचवली होती: सगळी फी मामेभावाच्या कॅनडातल्या खात्यात मागवा, आठवड्यात येईल. कॉलेजने ते मान्य केलंच नसतं. पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत जातात, मनी लाँडरिंगच्या नियमांमुळे. आणि समजा केलं असतं, तर इथे कर्ज तसंच उभं आणि पैसे तिकडे, असा घोळ झाला असता. म्हणून १,५०० डॉलर भावाच्या कार्डावर गेले आणि १५,००० बँकेच्या वाटेने इकडे निघाले. भावाचं कार्ड मधल्या काळात बदललं होतं. त्याच्या बँकेने रक्कम नव्या कार्डावर वळवायला नोव्हेंबर उजाडला, पण पूर्ण १,५०० आले.

*दहा दिवस मुंबईत.* सगळ्यात चीड आणणारा टप्पा हाच. कॉलेजने २६ सप्टेंबरला पैसे पाठवल्याचं कळवलं. पोर्टलवर ‘पूर्ण’ दिसत होतं, खात्यात काही नाही. शाखा म्हणे, “आमच्याकडे आलं नाही.” कॉलेज म्हणे, पाठवलं. अशा वेळी मागायची गोष्ट म्हणजे यूईटीआर क्रमांक. प्रत्येक स्विफ्ट व्यवहाराला असा ३६ अक्षरांचा क्रमांक असतो आणि त्यावरून पैसे कोणत्या बँकेत थांबलेत ते दिसतं. कॉलेजच्या लेखा विभागाने तो दिल्यावर उलगडा झाला: रक्कम ३० सप्टेंबरपासून बँकेच्या मुंबईतल्या परकीय चलन विभागात पडून होती. कारण क्षुल्लक. परतावा थेट कर्जात जमा व्हावा म्हणून फॉर्ममध्ये कर्ज खात्याचा क्रमांक दिला होता, आणि कर्ज खात्यात परदेशातून आलेले पैसे थेट जमा करायची त्या बँकेत सोयच नव्हती. शेवटी शाखा व्यवस्थापकाच्या पत्रावर रक्कम मुलीच्या बचत खात्यात घेतली आणि त्याच दिवशी, १० ऑक्टोबरला, कर्जात वळवली. १४,९८० डॉलर, दर ६०.३०, म्हणजे ९,०३,२९४ रुपये. त्या दहा दिवसांचं व्याज २,७३० रुपये.

योग्य पद्धत अशी: परताव्याच्या फॉर्ममध्ये कर्ज देणाऱ्या बँकेतलंच बचत खातं द्यायचं, आणि ‘रक्कम जमा होताच कर्ज खात्यात वर्ग करावी’ असं लेखी पत्र शाखेत आधीच देऊन शिक्का मारून घ्यायचा.

*जीसीएमएस नोंदी.* तिथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली माहिती मागणारा कॅनडात असावा किंवा तिथला नागरिक वा कायम रहिवासी असावा लागतो. म्हणून मामेभावाने अर्ज केला, शुल्क ५ डॉलर, सोबत मुलीने सही केलेला आयएमएम ५७४४ हा संमतीचा फॉर्म. नोंदी २७ ऑगस्टला आल्या. अधिकाऱ्याचं म्हणणं थोडक्यात: तीन वर्षं लेखा विभागात काम, आता सर्वसाधारण व्यवस्थापनाचं सर्टिफिकेट, त्याने पगार किंवा पद कसं वाढणार ते पत्रात नाही, असाच अभ्यासक्रम भारतात कितीतरी कमी खर्चात मिळतो, उद्देशपत्र साच्यातलं वाटतं. ते साच्यातलंच होतं. कन्सल्टंटने लिहिलेल्या पत्रात एके ठिकाणी दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहिलं होतं.

*कन्सल्टंट.* ऑफिसच्या बॅनरवर ‘व्हिसा नाही तर फी नाही’. पावतीच्या मागे बारीक अक्षरात ‘कोणत्याही परिस्थितीत शुल्क परत मिळणार नाही’. बॅनरचा तारखेसह फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरचं आश्वासन, पावत्या आणि चुकीच्या कॉलेजचं नाव असलेलं उद्देशपत्र एवढं हातात होतं. पावतीवरचं ते वाक्य सेवेतल्या उघड चुकीचं संरक्षण करू शकत नाही, असं आमचं मत.

आधी पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने पत्र. उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार, तीवर ‘चर्चा सुरू आहे’ असा शेरा. शेवटी वकिलाची नोटीस: पैसे न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात जाऊ. या कायद्याने ग्राहक स्वतः राहतो तिथल्या आयोगात तक्रार करू शकतो, म्हणजे सांगलीत, पुण्याला खेटे घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारावर तक्रारीची फी शून्य, मुदत दोन वर्षं. व्हॉट्सअ‍ॅपचा पुरावा द्यायचा तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ चॅट फोनमध्ये ठेवावं लागतं.

नोटिशीनंतर आठ दिवसांत फोन आला: निम्मे घ्या आणि मिटवा. ३५,००० ची तयारी, दोन चेक, पण आधी ‘पूर्ण समाधान झालं’ असं लिहून द्या. वडिलांनी चेक वटल्यावरच लिहून दिलं. आयोगात गेले असते तर जास्त मिळालं असतं का? पुरावा चांगला होता, बहुधा मिळालं असतं, पण वर्ष-दीड वर्ष तारखा पडल्या असत्या. त्यांनी निम्म्यावर मिटवलं. त्यांच्या जागी आम्ही निदान जीएसटीचे १०,८०० तरी मागितले असते.

हिशेब

हाती न आलेली रक्कम:

फीमध्ये ४५,३०६ रुपये. त्यातले १९,२९६ म्हणजे कॉलेजने कापलेले ३०० आणि मधल्या बँकेचे २० डॉलर. उरलेले २६,०१० निव्वळ दरातल्या फरकाचे. पैसे पाठवताना बँक विक्रीचा दर लावते, येताना खरेदीचा. बाजारात दर हललाच नाही तरी हा फरक राहतोच.

कर्जाचं १४९ दिवसांचं व्याज ४०,६६०. जीआयसीत २६,००९. चलन बदलण्यावरचा जीएसटी, जाता-येताचा मिळून ३,९२७. व्हिसा, बायोमेट्रिक आणि वैद्यकीय तपासणी २२,२००. प्रक्रिया झाल्यावर यातलं काही परत मिळत नाही. कॉलेजचं अर्ज शुल्क सुमारे ६,३००. कन्सल्टंट ३५,८००.

एकूण साधारण १ लाख ८० हजार. गेलेल्या रकमेच्या मानाने कमी वाटेल. पण ‘व्हिसा नाही आला तर सगळे पैसे परत’ हे वाक्य ऐकून या कुटुंबाने फाइल टाकली होती, आणि १ लाख ८० हजार म्हणजे त्या घरातला दोन महिन्यांचा पगार.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक मे महिन्यातच झाली होती, जुलैत नाही. पोर्टलवरची सगळी खाती मुलीच्या ईमेलवर असती तर नकार ९ तारखेलाच कळला असता. फॉर्म २३ जुलैला गेला, म्हणजे १४ दिवस उशिरा. २७३ रुपये रोजाने ३,८२२. पैशापेक्षा मोठा धोका असा की नकार ऑगस्टअखेरीस आला असता आणि हेच दहा दिवस तसेच दाबून ठेवले असते, तर मुदतीत जेमतेम आठवडा उरला असता.

दुसरं, एसडीएसचा मोह. साध्या मार्गाने अर्ज केला असता तर पूर्ण वर्षाची फी आधी भरणं व्हिसाच्या नियमात सक्तीचं नव्हतं. वेळ जास्त लागला असता, पण कर्जाचा हप्ता लहान उचलता आला असता. आता हा प्रश्न उरला नाही, कारण ८ नोव्हेंबर २०२४ ला एसडीएस बंद झालं. खर्चाच्या तरतुदीची रक्कम मात्र वाढली आहे. १ सप्टेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना एकट्या विद्यार्थ्यासाठी २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात.

डिफर न करण्याचा निर्णय पुढे फारच योग्य ठरला, पण त्याचं श्रेय दूरदृष्टीला देता येत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासूनच्या अर्जांना शिक्षणोत्तर वर्क परमिटसाठी अभ्यासक्रमाच्या विषयाची अट लागली, आणि कॉलेजांमधले व्यवस्थापनाचे असले अभ्यासक्रम त्या यादीत बसले नाहीत. जुलैत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

देशानुसार नियम बदलतात, हेही ध्यानात ठेवावं. ब्रिटनचा व्हिसा नाकारला तर अर्जासोबत भरलेला आरोग्य अधिभार न मागता परत येतो, व्हिसा फी येत नाही. कॅनडाच्या फाइलमध्ये न मागता काहीच येत नाही.

टीसीएसचं काय झालं

पैसे परत आले म्हणून बँक टीसीएस परत करत नाही. तो सरकारजमा झालेला असतो आणि कराच्या हिशेबातच मिळतो. वडिलांचं सोपं गेलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून पगारदाराला फॉर्म १२बीएए देऊन टीसीएस पगारातल्या टीडीएसमध्ये वळता करता येऊ लागला होता. त्यांनी तो नोव्हेंबरात कार्यालयात दिला आणि २९,५८९ रुपये फेब्रुवारीपर्यंतच्या पगारांत सुटले. विवरणपत्राची वाट बघावी लागली नाही. (१ एप्रिल २०२५ पासून मर्यादा दहा लाख झाली आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून जाणाऱ्या फीवर टीसीएस राहिला नाही.)

मुलीचं गुंतागुंतीचं निघालं. उत्पन्न करपात्र नव्हतं, विवरणपत्र कधी भरलेलं नव्हतं. पण २०२४ या कॅलेंडर वर्षात तिच्या नावावर कॅनडात जीआयसी होती. ती तीनच महिने टिकली तरी परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावी लागते, त्यामुळे साधा आयटीआर-१ चालत नाही. सीएने आयटीआर-२ भरला आणि ‘एफए’ परिशिष्टात उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वोच्च शिल्लक आणि बंद झाल्याची नोंद दिली. त्याची फी १,५०० रुपये. जमा असलेले १,२४३ रुपये जवळच्या दहाच्या पटीत आले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये खात्यावर १,२४० रुपये जमा झाले.